पहूर स्टेशनची मागची बाजू

जळगावात मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद करायला सांगणारी बाई एकतर वेडी असते, नाहीतर तिला एकाच वस्तूचे बत्तीस फोटो काढून ते एकमेकांत बसवायचे असतात. माझा नवरा मला पहिल्या गटात धरतो. त्या रविवारी तो बनियनवर, हातात वर्तमानपत्राचा पंखा घेऊन दारात उभा राहिला आणि अजून किती वेळ, असं त्याने चौथ्यांदा विचारलं. मी म्हटलं, तू बोललास की टेबल हलतं. ते खरं नव्हतं, पण मला कुणावर तरी चिडायचंच होतं.

टेबलावर पहूरचं रेल्वे स्टेशन होतं. प्लास्टिकच्या ठोकळ्यांचं, दीड हात लांब. मुलगी शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिच्या लहानपणीचे ठोकळे गोणीभर उरले होते. ते कुणाला द्यावेत म्हणून निवडायला बसले आणि स्वतःच जोडत बसले. आधी घर केलं, मग पाण्याची टाकी, आणि वर्षभरात मी अशी झाले की बाजारात कुठे लाल पत्र्यासारखा उतरता ठोकळा दिसला की भाजी घ्यायची विसरायची. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक आहे. मोजणं, पुसणं, जागच्या जागी ठेवणं हे हाताला लागलेलं आहे, त्यामुळे हा नाद मला मानवला.

पहूर स्टेशन मात्र नाद म्हणून केलं नव्हतं. ते आबांसाठी होतं. आबा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी पाचोरा-जामनेर छोट्या गाडीच्या मार्गावर झाली, त्यातली बरीचशी पहूरला. ती गाडी आता बंद आहे. आबा धुळ्याला मोठ्या भावाकडे असतात. त्यांचं खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना एसटीत तीन तास बसवणं शक्य नाही. आणि त्यांना काचबिंदू आहे. कडेकडेने नजर जात जात आता नळीतून पाहावं एवढंच त्यांना दिसतं. जेवढं आहे तेवढं थेंबांनी टिकवायचं, गेलेलं परत येत नाही, आणि हे किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं धुळ्याच्या डॉक्टरांनी भावाला स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून मला घाई होती. आबांची नजर आहे तोवर त्यांना त्यांचं स्टेशन दाखवायचं होतं.

मॉडेल धुळ्याला नेता येत नव्हतं, कारण माझे निम्मे ठोकळे स्वस्तातले. त्यांना पकडच नाही. नुसतं खोलीतून खोलीत नेलं तरी छपराचा कोपरा निखळतो, तर पारोळ्याच्या पुढच्या खड्ड्यांत त्याचा भुगाच झाला असता. व्हिडिओ कॉल करून पाहिला. पण चित्र जरा सरकलं की आबांना ते पुन्हा सापडेना. ते फोन तिरका करत, वहिनी सरळ करत, मी इकडून ओरडत. तेव्हा फोटोला पर्याय नव्हता.

पहिला फोटो मी मार्चमध्ये काढला, आणि मला तो फार आवडला होता. फलाटावरचा पिवळा बोर्ड आणि दारात पांढऱ्या गणवेशातली, बोटाच्या पेराएवढी स्टेशनमास्तरची बाहुली, हे दोन्ही अगदी चकचकीत स्पष्ट. मागची तिकीट खिडकी, बाक, छप्पर सगळं हळूहळू विरघळत गेलेलं. हौशी फोटोवाल्यांत याला फार मान आहे. लेन्सचं तोंड जेवढं जास्त उघडाल तेवढी मागची बाजू मऊ होते, आणि वस्तू लहान असून जवळून काढली तर विचारूच नका. ठोकळेवाल्यांच्या एका ग्रुपवर मी तो टाकला. भरपूर अंगठे आले. एकाने लिहिलं, वडील स्टेशनमास्तर होते वाटतं, त्यांना नमस्कार सांगा. मी त्याखाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि पुढे काही लिहिलं नाही.

मग तो वहिनीच्या फोनवर पाठवला. संध्याकाळपर्यंत काहीच उत्तर आलं नाही. शेवटी वहिनीचा फोन आला. ती म्हणाली, आबा सकाळपासून जेवले नाहीत, उद्याच डॉक्टरकडे न्या म्हणताहेत. तिने फोन त्यांच्या कानाला लावला.

"मांगलं बठ्ठं धुरकट दिखस, माय," आबा म्हणाले. "मना डोया ग्यात."

मी त्यांना समजावत राहिले की मागचं सगळं धुरकट दिसतंय ते डोळे गेल्यामुळे नाही, तो फोटोच तसा आहे, मुद्दाम तसा काढलाय. मुद्दाम कोण धुरकट फोटो काढेल, हे त्यांना पटेना. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही पटेना. डोळे तपासून आणले, होते तसेच निघाले, पण ते दोन दिवस मी स्वतःला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर आता पुढून मागपर्यंत प्रत्येक ठोकळा स्वच्छ दिसायला हवा होता. ऐकायला सोपं वाटतं. लेन्सचं तोंड बारीक करावं म्हटलं तर एका मर्यादेनंतर सगळाच फोटो सारखा मवाळ होतो, म्हणजे धूसरपणा मागून उठून सगळीकडे पसरतो. एकच मार्ग उरतो. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा, आधी सगळ्यात पुढच्या ठोकळ्यावर फोकस करून एक फोटो, मग फोकस केसभर मागे सरकवून दुसरा, असं करत छपराच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचं. मग कॉम्प्युटरवर प्रत्येक फोटोतला स्वच्छ तेवढा भाग उचलून एकच फोटो करायचा. बत्तीस फोटोंत अर्धा मिलिमीटर जरी काही हललं तरी बोर्डाला दोन कडा येतात.

आणि आमच्या घरात सगळंच हलतं. खिडकीतला कूलर म्हणजे पिठाची गिरणी. तो चालू असला की टेबलावरच्या भांड्यातल्या पाण्याला बारीक लाटा येतात, हे मी भांडं ठेवून नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, मग पाण्याचे फोटो काढू नकोस. कूलर बंद केला तर दहा मिनिटांत कॅमेऱ्यावर घाम टपकतो आणि पाठीमागचं आकाश म्हणून चिकटवलेला निळा कागद दुहेरी टेपसकट खाली येतो. खिडक्या उघड्या ठेवाव्यात तर ऊन सरकतं, पहिल्या फोटोतली सावली बत्तिसाव्यात नसते. बंद करून दिवे लावावेत तर आमचे दिवे फडफडतात, डोळ्याला कळत नाही पण फोटोवर आडवे पट्टे उमटतात. पट्टे घालवले तर ठोकळ्यांच्या चकाकीवर दिव्याचा पांढरा ठिपका. त्यावर बटर पेपर लावला. मग वीज गेली.

धूळ वेगळीच. इथल्या उन्हाळ्यात ती कुठून येते देव जाणे. डोळ्याला काळा ठोकळा स्वच्छ दिसतो, आणि फोटोत त्यावर पीठ भुरभुरलेलं असतं. मी रंगाच्या ब्रशने एकेक रूळ झाडत बसायची. झाडताना हमखास काहीतरी निखळायचं. निखळलेलं बसवताना शेजारचं निखळायचं. असे पाच रविवार गेले. पाचव्या रविवारी मी ब्रश भिंतीवर फेकून मारला. नवऱ्याने तो उचलून परत आणून दिला, स्वतः जाऊन कूलर बंद केला आणि शेजाऱ्यांकडे निघून गेला. तो फोटो जमला.

मी तो मोठा छापून घेतला आणि जूनमध्ये घेऊन गेले. आबा खाटेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावला, फोटो नाकाजवळ धरला आणि डावीकडून उजवीकडे सरकवत नेला, एकेक वीत. बोर्डावरची अक्षरं वाचली. बाक, तिकीट खिडकी, छपराची कड, सगळ्यांवरून बोट फिरवलं. बराच वेळ लागला.

"बठ्ठं साफ दिखस," ते म्हणाले. वहिनीने हुश्श केलं. मग आबांचं बोट दारातल्या बाहुलीवर थांबलं आणि त्यांनी हा कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, मास्तर. त्यांनी मान डोलावली आणि फोटो उलटा करून त्याची पाठ पाहिली. तिथे कोरा कागद.

"मी तं कायम मांगली बाजूले व्हतू," आबा म्हणाले. "तठला फोटो दखाड."

माझे वडील स्टेशनमास्तर नव्हते. गँगमन होते. रुळाखालची खडी भरणं, सरकलेले स्लीपर सरळ करणं, पाना-हातोडा खांद्यावर टाकून मैलोन् मैल चालणं हे त्यांचं काम. त्यांची अवजारांची खोली स्टेशनच्या मागे होती. ते तिथे बसत, तिथे जेवत. शाळेत कुणी विचारलं की मी वडील रेल्वेत आहेत एवढंच सांगून विषय बदलायची. गाडीतून उतरले की फलाटावरून सरळ गावाच्या रस्त्याला लागायची. मॉडेलसाठी मापं घ्यायला पहूरला गेले तेव्हाही मी फलाटाच्या बाजूने वीस फोटो काढले. मागे काटेरी झुडपं माजली होती, ओढणी अडकली, तेवढ्यावरून मी परत फिरले. आणि घरी आल्यावर मागची भिंत बांधलीच नाही. ठोकळे पुरत नव्हते, आणि कॅमेऱ्याला दिसत नाही ते बांधून काय करायचं, असं आम्हा हौशी लोकांचं गणित असतं. टेकू म्हणून मागे उरलेसुरले गुलाबी-हिरवे ठोकळे कोंबले होते.

मागचा फोटो नीट आला नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण या माणसाला धूसर फोटोचं कारण पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, आबा, मागे काही नाही. मी बांधलंच नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोटो उशीजवळ ठेवला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मंग बांध ना. मी सांगसू."

तेव्हापासून ते फोनवर सांगू लागले. मापं सगळी पावलांत आणि स्लीपरांत. भिंतीपासून अवजारांची खोली अकरा पावलं. खोलीचं दार आत उघडायचं. दाराला लागून पाण्याचा रांजण, त्याच्याजवळ ते उकिडवे बसून डबा खायचे. चुलीच्या तीन विटा. उन्हाने तापलेले पाने-हातोडे गार करायची ओली गोणी. मी मध्येच विचारायची, भिंत पिवळी होती की पांढरी, आणि ते म्हणायचे, मांगे कोन रंग देस. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला माझ्या वडिलांची जेवायची जागा कळत होती, आणि ती बांधायला माझ्याकडे तपकिरी ठोकळे नव्हते.

जळगावात मिळाले नाहीत. मागवले तर दोन छटांचे आले. ग्रुपवर विचारलं तर एकाने सल्ला दिला की फोटोत ती बाजू येणार नसेल तर कुठलाही रंग वापरा. मी ग्रुप सोडला. बाहुल्यांची आणखी एक कटकट. बाजारात मिळतात त्या सगळ्या हसऱ्या, आणि सगळ्यांचे हात सरळ. उकिडवी बसेल अशी एकही नाही. शेवटी एक कमरेतून कापली, गुडघ्याच्या जागी छोटे तिरके ठोकळे चिकटवले आणि खांद्यावर पाना म्हणून घड्याळाच्या पट्ट्याचा तुकडा दिला. जोडलेल्या ठोकळ्यांत कापाकापी करणं या छंदात पाप समजतात. मला त्याचं काही वाटलं नाही.

दिवाळीनंतर ते पुरं झालं. तोवर कूलर खिडकीतून उतरला होता, ऊनही मऊ होतं. छत्तीस फोटो काढले आणि पहिल्याच दिवशी जमले. कॉम्प्युटरवर पूर्ण मोठा करून मी तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला. रांजणाची कड, चुलीच्या विटा, दाराची कडी, मागच्या भिंतीचा प्रत्येक सांधा. कुठेही दोन कडा नाहीत, कुठेही मवाळ नाही. एवढा स्वच्छ फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. छापून पार्सलने धुळ्याला पाठवला.

तिसऱ्या दिवशी वहिनीने फोन लावून दिला. पलीकडे बराच वेळ कागद सरकल्याचा आवाज येत होता. न राहवून मीच म्हटलं, आबा, रांजणाजवळ बघा, तुम्ही बसलाय.

कागदाचा आवाज थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला.

"धुरकट शे, माय," ते म्हणाले. आणि मग लगेच, मी घाबरू नये म्हणून बोलावं तशा हलक्या आवाजात, "मना डोया चांगला शेत. तुना फोटो चांगला नही उना."

मी म्हटलं, हो आबा, कॅमेरा हलला असेल. परत काढते.