थोरल्या जाऊबाईंचा डावा पाय

आमच्या थोरल्या जाऊबाई शाळेची व्हॅन चालवायच्या, त्यामुळे घरात ड्रायव्हरचा मान त्यांचाच. मी ऑटोमॅटिक गाडी आणली आणि त्या धुमसायला लागल्या.

“यात चालवायचं काय? गाडी चालते, तू नुसती बसतेस.”

त्यांना शेजारी बसवून टेकडी उतरताना मी गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबून ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद केला. इंजिननंच गाडी आवरून धरली. जाऊबाईंना ते बघवेना.

“ऊठ, मी चालवते.”

मी देवाचं नाव घेतलं. सपाटीवर त्यांनी सवयीनं डाव्या पायानं क्लच दाबला. तिथे होता ब्रेक. गाडी गचकन थांबली.

“जाऊबाई, हिला क्लच नाही.”

“म्हणजे हिच्यातच खोट आहे!”

मग डावा पाय मागे दुमडून त्यांनी हळूच विचारलं, “सपाटी आली, वरच्या गिअरसाठी ते बटण आता परत दाबायचं ना?”

घर येईपर्यंत त्यांनी स्टिअरिंग काही सोडलं नाही.