रोहीला दिलेलं आवतण

वरवट बकालात विहिरीवरची मोटार जळाली तरी जानरावला फोन जातो आणि विहिरीत कोल्हा पडला तरी जानरावलाच. धंदा मोटार दुरुस्तीचा. पण कोल्ह्याचा फोन आला की हा गडी मोटार उघडी टाकून निघतो. एकदा असाच घोरपडीमागे गेला तो पार संध्याकाळी उगवला. घोरपड वाचली, पण मोटारवाल्याची मिरचीची रोपं माना टाकून बसली. "रोपं पुन्हा लावता येतेत, घोरपड कुठून लावू?" असं जानराव म्हणाला. त्यावर मोटारवाल्यानं दिलेलं उत्तर छापण्यासारखं नाही.

त्याच्या दुकानात तांब्याच्या तारेच्या रिळावर पंख मोडलेलं एक घुबड कितीतरी दिवस बसून होतं. रोज सकाळी घुबडाचं तोंड पाहून कामाला हात लावणारा मिस्त्री दुसरीकडे कुठे असेल तर मला दाखवावा.

आखाडात एका वावराच्या तारेच्या कुंपणात रोहीचं पिल्लू अडकलं. रोही म्हणजे नीलगाय. तिचा कळप एकदा हरभऱ्यात शिरला की काढणीला माणूस लावायची गरज उरत नाही, त्यामुळे तिचं नाव इकडे कुणी प्रेमानं घेत नाही. पिल्लाचा पुढचा पाय फाटला होता. आई निघून गेली होती. वनखात्याच्या डॉक्टरनं टाके घातले आणि वनरक्षक राजकुमारनं पिल्लू जानरावच्या गोठ्यामागे ठेवायची परवानगी काढून आणली. जाताना तो म्हणाला, "भाऊ, एक गोष्ट ध्यानात ठेवजा. माणसाले बुजली तं दिवाळीनंतर जंगलात सोडू. नाही बुजली तं जन्मभर पिंजऱ्यात. मंग माह्या हातात काही राह्यत नाही."

झालं! जानरावनं मोबाइलवर कुठल्या कुठल्या देशांचे व्हिडिओ पाहिले आणि कायदे काढले. पिल्लाला कुणी हात लावायचा नाही, नाव ठेवायचं नाही, जवळ बोलायचं नाही. भोवती हिरवी जाळी ठोकली. दूध पाजायला तो स्वतः जाई, तोही डोक्यापासून पायापर्यंत घोंगडं पांघरून आणि अंगाला रोहीच्या लेंड्या चोळून, म्हणजे माणसाचा वास नको. त्याच्या बायकोनं, पंचफुलावहिनींनी, त्याचं ताट बाहेर ओट्यावर मांडायला सुरुवात केली.

"आंघोळ करून या, मंग घरात घेतो."

"अवो, जंगलाचा वास आहे थो."

"जंगलात जेवा मंग."

घोंगडं दिसलं की पिल्लू थरथरत कोपऱ्यात जाई. बाटली ठेवून हा लांब गेला तरच तोंड लावी. जानरावला याचं कोण कौतुक! "पाह्य, कशी बुजते!" असं तो पारावर सांगायचा, तेव्हा लोक एकमेकांकडे पाहून माना डोलवत. त्याला वाटे, गावाला आपला अभिमान वाटतो.

धास्ती फक्त शेजारच्या भगवंतरावची होती. या माणसाचा हरभरा रोह्यांनी दोन वर्षं खाल्लेला. "एकूण एक रोह्यायले गोळ्या घाला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. जानरावनं त्याच्या बाजूची जाळी दुहेरी केली.

दिवाळी झाली आणि राजकुमार परीक्षा घ्यायला आला. जानराव घोंगडं पांघरून आत शिरला. पिल्लू उधळलं ते थेट पलीकडच्या जाळीवर आदळलं. जानरावनं घोंगड्यातूनच विजयी मुद्रेनं पाहिलं असणार.

"झकास," राजकुमार म्हणाला. "आता दुसरं कोणी जाऊ द्या. भगवंतरावभाऊ, या तुमी."

"मी कायले?" भगवंतराव मागे सरकला. पण वनरक्षकाला नाही कसं म्हणणार? तो आत गेला आणि हात मागे बांधून आभाळाकडे बघत उभा राहिला. पिल्लू टुणटुण उड्या मारत आलं, त्याच्या सदऱ्याच्या खिशात तोंड घातलं आणि हरभऱ्याचे दाणे कुरूकुरू खाऊ लागलं.

जानरावनं डोक्यावरचं घोंगडं मागे सारलं.

"भगवंता? तू तं गोळ्या घाल म्हणत होता."

"थे रोह्यायले," भगवंतराव पुटपुटला. "हे तं आपली गंगी होय."

"नाव बी ठेवलं?"

मग पंचफुलावहिनी पुढे झाल्या. पोळ्याच्या आदल्या सांजेला त्या रीतीप्रमाणे बैलांना सांगत होत्या, आज आवतण घ्या, उद्या जेवाले या. तेवढ्यात जाळीच्या फटीतून या बयेनं तोंड काढलं. "तिनं आयकलं हो. आवतण देऊन उपाशी ठेवता येते काय कोणाले? पाप लागते."

"एका पोळीचं आवतण होतं नं? मंग आजवर काय चालू होतं?"

"पंगत उठलीच नाही बे," भगवंतराव म्हणाला.

वहिनींनी पुरणपोळी दिली, हे आळीतल्या बायांना कळलं. मग कुणी भाकर आणली, कुणी गूळ, कुणी नुसता गळ्याखाली खाजवायला हात आणला. जानराव मोटारीवर गेला की इकडे गोकुळ भरे. सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्याला एकट्याला नव्हतं. एवढ्या दिवसांत पिल्लू या भूतलावर एकाच माणसाला भ्यायला शिकलं होतं.

जानरावनं घोंगडं फेकून दिलं आणि उघड्या तोंडानं हात पुढे करत गेला. तिनं हुंगलं, कान मागे टाकले आणि भगवंतरावच्या आड जाऊन उभी राहिली.

"मले काय तिले हात लावू वाटत नव्हता?" तो एवढंच म्हणाला.

राजकुमारनं खूप वेळ टोपी हातात फिरवली. "भाऊ, हिले नाही सोडता येत. उद्या कोण्या वावरात माणूस पाहून धावत जाईन. मारून टाकतीन."

गाडी आली. गंगी पिंजऱ्यात चढेना, तेव्हा भगवंतरावनं मूठभर दाणे आत धरले. ती गेली. दार त्यालाच लावावं लागलं. मग तो गाडीच्या चाकाशी बसून लहान पोरासारखा रडला. पंचफुलावहिनी रडल्या, आळी रडली. जानराव दुकानात बसून मोटारीची तार गुंडाळत होता. एकानंही त्याला हाक मारली नाही. हाक मारायला तोंड कुणाचं होतं?

पुढे गाव जीप करून प्राणिसंग्रहालयात गंगीला बघायला जाऊन आलं. जानराव गेला नाही.

थंडीत विहिरीतून काढलेलं कोल्ह्याचं पिल्लू त्यानं घरी आणलं, तेव्हा जाळीला लाकडी दार बसवलं आणि दाराला कुलूप. किल्ली करदोट्याला. वहिनी भाकरी थापता थापता बघत होत्या.

"घरच्या माणसावर कुलूप लावता? कुलूप चोरासाठी असते."

"चोर भीत भीत येते," जानराव म्हणाला. "तुमी तं ताट घेऊन आल्ते."