बादलीतली वीट

गोदाबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. त्याआधी पस्तीस वर्षं तिनं पेढी नदीकाठच्या वीटभट्ट्यांवर चिखल तुडवला. भातकुलीतल्या निम्म्या घरांच्या विटा आपल्या हातच्या, असं ती सांगते आणि कुणी नाही म्हटलं की भांडते. शाळेचं तोंड तिनं लहानपणी पाहिलं नाही. राग कायम नाकावर. ताटात अन्न टाकणाऱ्या पोरांना ती सोडत नाही आणि मी मुख्याध्यापक असलो तरी मलाही सोडत नाही.

त्या दिवशी मी सहावीला पदार्थांतले बदल शिकवत होतो. पोरं पुस्तकातली उदाहरणं घडाघडा म्हणत होती आणि त्यातलं काडीचंही त्यांना कळत नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी गोदाबाईला वर्गात बोलावलं. तिनं सांगितलं, नुसती वाळवलेली वीट पाण्यात पडली तर तिचा चिखल होतो आणि तोच चिखल तुडवून पुन्हा वीट पाडता येते. भट्टीत नीट भाजली, की मग ती माती राहतच नाही. वर्षभर पाण्यात ठेवली तरी तिचा चिखल होणार नाही. पहिला बदल परिवर्तनीय, दुसरा अपरिवर्तनीय, असं मी फळ्यावर लिहिलं. पहिल्या बाकावरची श्रावणी म्हणाली, करून दाखवा.

नव्या वर्गखोलीसाठी नितेश ठेकेदारानं आवारात पक्क्या विटांचा ढीग उतरवला होता. सोमवारपासून बांधकाम होतं. त्यातली एक वीट गोदाबाईनं बादलीत सोडली आणि हिला काही होत नाही, असं पोरांना ठासून सांगितलं.

मधल्या सुट्टीपर्यंत पाणी लाल झालं. तिनं बादलीत हात घातला तर मूठभर चिखल वर आला. मेल्या ठेकेदारानं कच्च्या विटांना वरून गेरू फासला होता. तिनं आणखी दोन विटा बुडवून पाहिल्या. त्यांचंही तेच झालं. मग चिखलाची ती बादली तिनं आणून माझ्या टेबलावर आदळली.

मी नितेशला फोन लावला. तो हसला. माल चांगला असल्याच्या कागदावर सही तुमचीच आहे ना सर, एवढंच त्यानं विचारलं. होती. ढिगाकडे ढुंकूनही न बघता, डबा खाता खाता मी ती ठोकली होती. कागद दुसऱ्या दिवशी वरच्या कार्यालयात जायचा होता. मला नितेशचा राग आला, त्याहून जास्त माझा स्वतःचा आला, आणि तो सगळा मी गोदाबाईवर काढला. सही झाली, आता काही होत नाही, तू तुझी खिचडी बघ, असं मी तिच्यावर ओरडलो.

ती जागची हलली नाही.

"सही खोडता येते, सर," ती म्हणाली. "उद्या भिताडाखाली पोट्टं दबलं, त त्याले कोन वापस आनते?"

सहावीचा अख्खा वर्ग दारात उभा होता. मी खणातून कागद काढला, सही खोडली आणि खाली लिहिलं, विटा कच्च्या आहेत, माल नाकारला.

गोदाबाईला वाचता येत नाही. तिनं माझ्या हातातून कागद घेतला, श्रावणीला दिला आणि मोठ्यानं वाचायला लावला. दोनदा.