हितेंद्रच्या नावाचं टोकन

साक्रीची दिपमाला नऊ वर्षं धुळ्यातल्या एका खासगी कॉलेजच्या परीक्षा विभागात होती. मार्चमध्ये सात मुलांचे गुण कुणीतरी परस्पर वाढवल्याचं उघड झालं. कॉम्प्युटरच्या नोंदीत नाव दिपमालाचं होतं. कॉलेजसाठी परीक्षेचं सॉफ्टवेअर बनवणारा हितेंद्र सगळ्या स्टाफसमोर म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही. लॉगिन बाईंचंच आहे." त्याच दुपारी तिच्या हातात निलंबनाचं पत्र पडलं.

घरी आई वच्छलाबाईंनी अहिराणीत एवढंच विचारलं, "तू करेल शे का?"

"नही."

"मंग रडस कसाले?"

दिपमालानं डोळे पुसले. हितेंद्रचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

आठवड्यानं तिनं घरचा लॅपटॉप उघडला, तर कॉलेजचं पान उघडलेलंच. तिचं लॉगिन तर कॉलेजनं बंद केलं होतं! बीसीए शिकलेली बाई. ती मुळाशी गेली. लॉगिन झालं की सर्व्हर ब्राउझरला एक टोकन देतो. ते ओळखपत्रासारखं असतं, आत नाव आणि शेवटी सर्व्हरची सही. दर वेळी ती सही तपासायची असते. तिनं सहीतली चार अक्षरं बदलली. पान तरी उघडलं. म्हणजे सही कुणी बघतच नव्हतं. टोकनमध्ये ज्याचं नाव घालाल, ते तुम्ही!

"आजच प्राचार्यांना फोन कर," नवरा अभिमन म्हणाला.

"नाही. चौकशीच्या दिवशी. तो समोर बसलेला पाहिजे मला."

बारा दिवस ती गप्प राहिली.

चौकशीत तिनं आधी हितेंद्रला त्याचं वाक्य पुन्हा बोलायला लावलं, ते लिहून घेतलं आणि त्याखाली त्याची सही घेतली. मग समितीची परवानगी काढून ती कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर बसली. टोकनमध्ये तिनं नाव बदललं. पडद्यावर आलं, 'स्वागत, हितेंद्र'.

"कुणाचे गुण वाढवू, सर? नोंदीत तुमचंच नाव येईल. मशीन खोटं बोलत नाही ना?"

हितेंद्र म्हणाला, "ताई, ही चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली असती. आधी सांगायचं होतं."

"तुम्ही मला आधी विचारलं होतं?"

निलंबन रद्द झालं. गुण कुणी वाढवले, ते शेवटपर्यंत कळलं नाही. प्राचार्य बंद खोलीत माफी मागायला तयार होते. माफी हितेंद्रनंच मागायची, म्हणून दिपमाला अडून बसली. शेवटी त्याच स्टाफसमोर हितेंद्रनं उभं राहून माफी वाचली. एक ओळ तो पुटपुटला, ती तिनं पुन्हा वाचायला लावली.

कॉलेजनं त्याचं काम काढून घेतलं. "आता तरी सोड त्याला," अभिमन म्हणाला.

तिनं सोडलं नाही. तेच सॉफ्टवेअर वापरणारी आणखी चार कॉलेजं तिनं शोधली आणि प्रत्येकाला पत्र लिहिलं: चूक कुठे आहे, कशी तपासायची, आणि ती कुणी केली. हितेंद्रचं नाव तिनं ठळक अक्षरांत टाकलं. त्या कॉलेजांचं त्यात भलंच होतं. पण पत्रं पोस्टात टाकताना दिपमालाच्या मनात ती कॉलेजं नव्हती.