मुळाशिवाय आणलेली अळंबी

ताईला सातवा महिना होता आणि ती बाळंतपणाला क्युरपिपला आमच्याकडे आली होती. सत्तरच्या दशकातल्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. एका सकाळी उठून म्हणाली, मला अळंबी खायचीत. झालं! डोहाळे म्हटले की आमच्या घरात कुणाचं काही चालायचं नाही. दुकानात डब्यातली मिळायची, पण बाबांना ती कुठली पसंत! पणजोबा कोकणातून या बेटावरच्या उसाच्या मळ्यात मजुरीला आले तेव्हापासून डोहाळ्याची अळंबी रानातलीच. सुरी नि टोपली घेऊन बाबा पाइनच्या रानात गेले आणि तासाभरात टोपली भरून परतले. पांढरीशुभ्र, टवटवीत. खोटं कशाला बोलू, मीही हरखले.

आईनं घरच्या रीतीनं पारख केली. अळंबीबरोबर चांदीचं पैंजण उकळायचं. काळं पडलं तर विष. पैंजण होतं तसंच निघालं. मग कांदा, हळद, ओलं खोबरं. वासानं ताई आधीच ताट घेऊन बसली.

तेवढ्यात आत्या आली. बाबांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा झालेली. ब्रीझे वेर्दिएर गावी भाजीचं शेत एकटीनं करायची आणि बस बदलत आमच्यासाठी भाजी घेऊन यायची. बाई भारी फटकळ. मला तिची धास्ती वाटायची आणि आपणही असंच व्हावं असंही वाटायचं. टोपलीत उरलेलं एक अळंबं तिनं उचललं, उलटं केलं, देठाभोवतीची झालर बोटानं चाचपली.

"ह्याचं मूळ कुठंय?"

"माती कशाला आणू घरात? स्वच्छ कापून आणलीत," बाबा म्हणाले.

"आयो! शहाणाच आहेस!"

पदर खोचून तिनं गरम पातेलं उचललं. परसात ओतलं तर कोंबड्या खातील म्हणून थेट संडासात रिकामं केलं. ताई रडायला लागली. बाबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पोटुशीच्या पुढ्यातलं ताट ओढलंस, अक्का! पैंजण काळं पडलं नाही, दिसत नाही तुला?"

आत्यानं कुदळ उचलली. "जागा दाखव."

बाबा तणतणत पुढे, आत्या मागे, तिच्या मागे मी. रानात एक कोवळं अळंबं अजून उभं होतं. कुदळीनं बाजूची माती सैल करून बाकीची तिनं बोटांनी काढली, अगदी सावकाश. तिचे ते हात मला अजून दिसतात. पुढे मी शाळा-कॉलेजात कितीतरी शिकलेली माणसं पाहिली, पण इतकं नीट शिकवणारं कुणी भेटलं नाही. देठाच्या बुडाशी एक फाटकी पांढरी पिशवी निघाली, अंड्याच्या फुटक्या कवचासारखी.

"छत्रीखाली पांढऱ्या पात्या, देठाला झालर, बुडाशी पिशवी. तिन्ही दिसली की हात लावायचा नाही. सुरीनं कापलं की पिशवी मातीतच राहते. आणि चांदीला काही कळत नाही. शिजवून विष जात नाही. चव तर छान लागते. दुपारी खाल्लं तर रात्रीपर्यंत काही होत नाही. मग ओकाऱ्या, जुलाब. त्यानंतर माणूस उठून बसतो, पेज मागतो, आपल्याला वाटतं सुटलो. तेव्हा आत लिव्हर निकामी होत चाललेलं असतं."

बाबा अजून घुश्शातच होते. "ऐकीव गोष्टी सगळ्या! आपल्यात कोण मेलंय अळंबी खाऊन?"

आत्यानं लुगड्याला हात पुसले. तिचे यजमान काविळीनं गेले, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"तुझे दाजी," ती म्हणाली. "डोळे पिवळे झाले, लोक कावीळ म्हणाले, मला मात्र शंका आली. मग अळंबी काढली होती त्याच जागी जाऊन उकरलं, फार्मसीवाल्याला नेऊन दाखवलं, तेव्हा कळलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मीच रांधलं होतं रे. त्यांनी दोनदा मागून घेतलं, नि मी वाढलं."