माझ्या वर्गात कोणी भांडत नव्हतं

"गुरुजी, माझ्या चेडवाक शाळेत येवचा नाय आसा."

शाळा सुटायच्या वेळी आफरीनची आई दारात उभी होती. चेडू म्हणजे मुलगी. आफरीन माझ्या तिसरीच्या वर्गात महिन्यापूर्वीच आली होती. वडील ट्रॉलरवर कामाला, रत्नागिरीकडून नुकतेच इकडे बंदरावर राहायला आलेले.

मी पेन खाली ठेवलं. "कोणी त्रास देतंय का तिला?"

"तसा नाय."

"मग? मारतं का कोणी?"

"तेच्याशी कोण भांडणाच नाय," ती म्हणाली. "घराकडे येऊन रडता. हयसर करमणा नसात, तर रत्नागिरीक आजयेकडे धाडतंय."

मी मूळचा सांगलीकडचा. मला वाटलं, माझं मालवणी अजून कच्चं आहे. मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं: कोणी भांडत नाही, आणि इथे करमत नसेल तर रत्नागिरीला आजीकडे पाठवते. वर्गात कोणी भांडत नाही, ही तक्रार घेऊन आलेली माझ्या नोकरीतली ती पहिली पालक.

या तक्रारीला जबाबदार मीच होतो, ते मला त्या क्षणी अर्थातच कळलं नाही. उलट थोडा अभिमान वाटला.

झालं असं होतं. जूनमध्ये तालुक्याला आमचं ट्रेनिंग झालं. विषय होता मुलांना प्रेमाने वागायला शिकवणं, म्हणजे वर्गात आपलेपणा तयार होतो. जेवण बरं होतं, त्यामुळे मी उत्साहात परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओंकार सावंत नावाचा माझा विद्यार्थी दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकून ओरडला, "मेल्या, खंय होतंस?" खंय म्हणजे कुठे, आणि मेल्या म्हणजे मेलेला. माझ्या ट्रेनिंगला पहिलं गिऱ्हाईक मिळालं.

मी कार्डशीटवर एक चार्ट केला. डावीकडे 'बोलायचे शब्द': कृपया, धन्यवाद, माफ कर. उजवीकडे 'न बोलायचे शब्द', आणि त्यात पहिला 'मेल्या', लाल स्केचपेनने. चार्ट सुंदर झाला होता. मी त्याचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. अकरा अंगठे आले.

आमची शाळा दोन शिक्षकी. दुसऱ्या शिक्षिका म्हणजे मुख्याध्यापिका परब बाई, इथल्याच. त्यांनी चार्ट चष्मा वर करून वाचला आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही मेल्या काढलात. आता ही पोरं एकमेकांशी बोलणार काय?"

"चांगलं बोलतील."

"आमच्याकडे ज्याच्याशी पटत नाही, त्याच्याशीच माणूस चांगलं बोलतो."

मी हसलो. बाई जुन्या पद्धतीच्या आहेत, असं मनात म्हटलं. ट्रेनिंगला त्या आल्या नव्हत्या.

पहिला आठवडा तक्रारी ऐकण्यात गेला. कोण काय बोललं हे सांगायला रांग लागायची. एकदा श्रावणी धावत आली, "गुरुजी, हेणा माका मनातल्या मनात मेल्या म्हटल्यान." मी त्या मुलाला उभं केलं. त्याने कबूल केलं. मी त्याला समजही दिली. आज आठवलं की मान खाली जाते.

दुसऱ्या आठवड्यात वर्ग शांत झाला. मी ते यश मानलं. आफरीन आली ती त्याच आठवड्यात.

तिची आई येऊन गेल्यावर मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत लक्ष ठेवलं. खिचडीच्या रांगेत ओंकार आफरीनला म्हणाला, "कृपया पुढे जा." ती म्हणाली, "धन्यवाद." श्रावणीने तिला सरकून जागा दिली. ती म्हणाली, "धन्यवाद." नंतर आफरीन पायरीवर एकटी बसून खिचडी खात होती. बाकीची मुलं गायब.

मुलं शाळेच्या मागे काजूच्या झाडाखाली सापडली. लगोरी चालली होती आणि आरडाओरडा असा, की बंदरापर्यंत जावा. "मेल्या, फेक मरे!" मी कोपऱ्यावरून पुढे आलो. खेळ थांबला. ओंकार म्हणाला, "कृपया चेंडू फेक."

म्हणजे मुलांनी दोन भाषा ठेवल्या होत्या. एक मित्रांसाठी, एक माझ्यासाठी. आफरीन नवी. तिला कोणत्या भाषेत घ्यावं हे न कळून त्यांनी तिला माझ्या भाषेत घेतलं होतं.

मी पायरीवर तिच्याशेजारी बसलो. "मुलं चांगली वागतात ना तुझ्याशी?"

तिने मान हलवली. मग ताटातल्या खिचडीकडे बघत म्हणाली, "ते माका पावणी समाजतत." पावणी म्हणजे पाहुणी.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसायला हवं होतं. मी उपक्रम घेतला. वर्गात जाहीर केलं, "आज सगळ्यांनी आफरीनशी मैत्री करायची." माझी मुलं आज्ञाधारक. सगळी रांगेत उभी राहिली आणि एकेकाने तिच्याशी हात मिळवला. नवव्या हाताला तिला रडू फुटलं. पुढचे दोन दिवस ती शाळेत आली नाही.

परब बाईंनी मला फक्त चहा दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चार्ट काढून कपाटात टाकला आणि मुलांना सांगितलं, "माझं चुकलं. मेल्या म्हणायला हरकत नाही." कोणी हललं नाही. मुलांना वाटलं, गुरुजी परीक्षा घेतायत.

मग मी फळ्यासमोरची खुर्ची ओढून त्यांच्यात बसलो. "मला तुमची भाषा येत नाही. तुम्ही सांगा, वाईट वाटतं ते कशाने?"

पहिली श्रावणी म्हणाली, "मी वाचूक लागलंय की मागे हसतत, तेव्हा." दुसरा म्हणाला, खेळताना टीम पाडतात तेव्हा सगळ्यात शेवटी घेतलं की. मी फळ्यावर लिहीत होतो. एकही शब्द माझ्या चार्टवरचा नव्हता.

ओंकारने हात वर केला. "गुरुजी, तुमी माका विद्वान म्हणतास ना, तेव्हा."

"विद्वान? तो तर चांगला शब्द आहे."

"तुमी चांगलो म्हणान म्हणणास नाय."

वर्ग माझ्याकडे बघत होता. ओंकारचं गणित चुकलं की मी म्हणायचो, "या विद्वान, फळ्याकडे या." सगळे हसायचे. मला वाटायचं, माझ्या वर्गात मोकळं वातावरण आहे. कृपया, धन्यवाद या शब्दांइतकाच स्वच्छ शब्द होता तो.

मी तोही फळ्यावर लिहिला. "ओंकार, माझं चुकलं," म्हटलं. तो लाजला आणि बाकाखाली काहीतरी शोधायला लागला.

संध्याकाळी मी बंदरावर आफरीनच्या घरी गेलो. रत्नागिरीला जायची बॅग भरलेली होती. मी तिच्या आईला म्हटलं, "आठ दिवस द्या." कसल्या भरवशावर म्हटलं, ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आफरीन आली. मी कोणालाही काही सांगितलं नाही. मला ते फार जड गेलं. मधल्या सुट्टीत मुलांना लगोरीला एक भिडू कमी पडत होता. ओंकारने पायरीकडे बघून हाक मारली, "ए, येतंस काय गो?" ती गेली. दहा मिनिटांत चेंडू तिच्या पाठीत बसला, आणि नेम ओंकारचा होता.

"मेल्या, तुका दिसणा नाय काय?" आफरीन ओरडली.

सगळी मुलं माझ्याकडे वळली. मी माडाच्या शेंड्याकडे बघत उभा राहिलो, जणू नारळ मोजायचं काम मला सरकारने दिलंय.

"तुकाच पळूक येणा नाय!" ओंकार म्हणाला.

"येता माका!"

"मगे पळ!"

आणि दोघं कडाकडा भांडले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी भांडण संपलं नव्हतं. वर्गात येताना श्रावणी आफरीनच्या बाजूने भांडत होती.

आठवड्याने तिची आई बाजारात भेटली. "गुरुजी, चेडू रोज भांडान येता," ती हसत म्हणाली. रत्नागिरीची बॅग रिकामी झाली होती.

उपक्रमाचा अहवाल मात्र तालुक्याला द्यायचाच होता. 'फलनिष्पत्ती' या रकान्यात मी लिहिलं, 'विद्यार्थ्यांमधील संवाद वाढला.' खोटं नव्हतं. 'शिक्षकात झालेला बदल' असा रकाना त्या फॉर्ममध्ये नाही. असता तर एक ओळ लिहिली असती: ओंकारचं गणित चुकलं, की मी आता फक्त 'चुकलं' असं म्हणतो. कोणी हसत नाही, आणि तो पुन्हा सोडवून बघतो.