भरल्या पानावरून

आमच्या कुहीच्या छोट्याशा कॉलेजचे क्रीडाशिक्षक गभणे सर आपला गोल झाला की टाळ्या वाजवत नसत. मैदानाच्या कडेला उभे राहून एखाद्या पदार्थाचं नाव ओरडत. "पाटवडी!" पुढच्या गोलाला, "भरलं वांगं!" समोरच्या संघाला वाटे, ही काहीतरी गुप्त चाल आहे. त्यांचे बचावपटू घाबरून एकमेकांकडे बघत. मी संघाचा व्यवस्थापक. शिकवतो इतिहास, त्यामुळे फुटबॉलपेक्षा मला पदार्थच जास्त कळायचे.

यामागे सूड होता, आणि तो काय रसाळ सूड होता! आदल्या वर्षी नागपूरच्या एका बड्या कॉलेजात स्पर्धेचं जेवण होतं. आमची पोरं सामना हरून, चिखलाच्या पायांनी तशीच पंगतीला बसली. पानं वाढून झाली होती. तेवढ्यात तिथले क्रीडासंचालक वैद्य सर आले.

"कुहीवाल्यांनो, उठा. आधी आमचा संघ बसेल."

भरल्या पानावरून उठवलं! गभणे सरांनी तोंडाशी नेलेली बुंदी परत पानात ठेवली. परतीच्या बसमध्ये ते एवढंच बोलले, "याले मी पानावर बसवीन गा. अन् उठू नाही देणार."

आमच्या स्पर्धेचा रिवाज असा की, विजेत्या कॉलेजनं अंतिम सामन्यात हरलेल्यांना आपल्या गावी जेवू घालायचं. म्हणजे नुसतं जिंकून भागणार नव्हतं, समोर वैद्य सरच हवे होते. गोलागणिक सर त्याच पंगतीचा एकेक पदार्थ पक्का करत होते. धान कापलेल्या शेतांच्या बांध्यांमधून सरांनी पोरांना पळव पळव पळवलं. आम्ही जिंकत अंतिम फेरीत गेलो, पण उपांत्य सामन्यात वैद्य सरांचा संघ मागे पडला. गभणे सर कडेवरून वैद्य सरांच्याच पोरांवर खेकसले, "अबे, काहून हरून राहिले बे? आमचा स्वयंपाक वाया घालवता का?"

ते बिचारे घाबरून जिंकले.

अंतिम सामना बरोबरीत अडकला होता. अगदी शेवटी आमचा गोल झाला. सर ओरडले नाहीत. डोळे मिटून हळूच म्हणाले, "बुंदी."

कॉलेजच्या पटांगणात पंगत बसली. सगळ्यांचं आटोपल्याशिवाय कोणी उठायचं नाही, ही आमच्याकडची रीत. म्हणून सरांनी वैद्य सरांशेजारी आमचा अगडबंब गोलकीपर बबल्या बसवला. "सावकाश जेव बाबू. घाई केली तं संघातून काढीन."

आणि स्वतः वाढायला उभे राहिले. "घ्या ना सर, लाजून काहून राहिले?"

वैद्य सर घामाघूम. "गभणे, आता उठू द्या हो!"

"कसे उठता सर? लेकरू जेवून राहिलं ना!"

लेकरानं आणखी भात मागितला.

मागच्या हिवाळ्यात गभणे सर गेले. तेरवीला वैद्य सर आले. मी त्यांना पहिल्या पंगतीत बसवू लागलो, तर म्हणाले, "आधी सरांची पोरं बसू द्या." बुंदीची बादली उचलून ते स्वतः वाढत निघाले आणि बबल्यापाशी थबकले.

"झालं का रे तुझं?"

डोळे पुसत बबल्यानं पान पुढे सरकवलं.

"वाढा सर. सावकाश जेवून राहिलो."